'बिघडलेली इंग्रजी' हे शब्द मागे घ्या

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत लंडनच्या ईस्ट एंडवर पानभर लेख आलाय, तो मी इथे ईस्ट हॅममध्ये दुकान उघडायच्या आधी मोबाइलवर वाचला आणि दिवसभर डोक्यातून गेला नाही. फोटो छान आहेत, ब्रिक लेनचं वर्णनही छान जमलंय, पण तिथल्या कॉकनी या बोलीबद्दल जे लिहिलंय, "खालच्या थरातल्या लोकांची बिघडलेली इंग्रजी, आता जवळपास नामशेष", ते वाचून गप्प बसवेना म्हणून लिहितेय. मी १९ वर्षं या भागातल्या एका केमिस्टच्या काउंटरवर उभी असते आणि ही बोली रोज ऐकते. पत्र लांबणार आहे. जागा नसेल तर कापा, पण पहिली दुरुस्ती तेवढी छापाच.

ती अशी. लेखात म्हटलंय की बो या भागातल्या चर्चच्या घंटा ज्याला जन्मतः ऐकू येतात तो खरा कॉकनी. ते चर्च बोमध्ये नाहीये हो! ते सेंट मेरी-ल-बो, आणि ते आहे चीपसाइडवर, सिटी ऑफ लंडनमध्ये, सेंट पॉल्स कॅथेड्रलपासून चालत पाच-सात मिनिटांवर. बो नावाची वस्ती तिथून तीन-चार मैल पूर्वेला आहे. बो म्हणजे कमान हे दोन्हीकडे खरं, पण चर्चच्या नावातला बो आला तळघरातल्या दगडी कमानींवरून, त्या ११व्या शतकातल्या आहेत आणि अजून शाबूत आहेत, आणि वस्तीच्या नावातला बो आला ली नदीवरच्या जुन्या कमानदार पुलावरून. ही चूक इथले लोकही करतात त्यामुळे लेखकाला एकट्याला दोष देत नाही. पण छापून आलं की ते खरं होऊन बसतं, आणि मग कुणीतरी सुट्टीत इथे येऊन बो रोड स्टेशनला उतरून चर्च शोधत बसेल.

घंटांची गोष्ट निघालीच आहे तर तीही पूर्ण सांगते. ते चर्च १६६६च्या आगीत जळालं, क्रिस्टोफर रेनने परत बांधलं, आणि मग १० मे १९४१च्या रात्री जर्मन बॉम्बने ते पुन्हा उद्ध्वस्त झालं, घंटा वरून खाली कोसळल्या. युद्धामुळे देशभरातल्या चर्चच्या घंटा १९४०मध्येच गप्प केल्या होत्या, आणि बोच्या घंटा परत वाजल्या त्या थेट १९६१मध्ये. आता नियम अक्षरशः धरायचा म्हटला तर मधल्या वीसेक वर्षांत लंडनमध्ये एकही कॉकनी जन्मलेला नाही! पण त्याच वर्षांत जन्मलेली माणसं माझ्या काउंटरवर रोज येतात, त्यांच्याइतके कॉकनी दुसरे कोण असणार. २०१२ साली ध्वनितज्ज्ञांनी मोजमाप केलं तेव्हा कळलं की ट्रॅफिकच्या आवाजात या घंटा आता चर्चच्या आसपासच्या छोट्याशा पट्ट्यातच ऐकू जातात, आणि तेवढ्या पट्ट्यात एकही प्रसूतिगृह नाही. म्हणून मला वाटतं घंटांना फार धरून बसू नये. माणूस कॉकनी होतो तो गल्लीमुळे, आईच्या बोलण्यामुळे, मार्केटातल्या आरडाओरड्यामुळे.

आणि नावच बघा ना. कॉकनी हा शब्द १४व्या शतकात वापरायचे तो 'कोंबड्याने घातलेलं अंडं', म्हणजे लहान, वेडंवाकडं, कामाचं नसलेलं अंडं या अर्थी. मग लाडावलेल्या नाजूक पोराला म्हणायला लागले, मग खेड्यातली माणसं शहरातल्या लोकांना हिणवायला म्हणायला लागली, आणि शेवटी ते लंडनच्या कष्टकऱ्यांना चिकटलं. म्हणजे या लोकांना नाव मिळालं तेच मुळात शिवी म्हणून, आणि त्यांनी ते उचलून अभिमानाने मिरवलं. सहाशे वर्षांनंतर आपल्या पेपरने परत त्याला 'बिघडलेली' म्हणावं याचं मला वाईट वाटलं.

आता 'बिघडलेली' म्हणजे काय ते बघू. बिघडलेल्या वस्तूला नियम नसतो, ती कशीही चालते. कॉकनी तशी चालत नाही. 'वॉटर'मधला ट घशात अडकतो, 'वॉ-अ' असं ऐकू येतं, 'बटर'चंही तसंच. पण 'टी' किंवा 'टेबल' म्हणताना तोच ट कुणीही गिळत नाही, कधीच नाही, शब्दाच्या तोंडाशी तो ठणठणीत असतो. 'थिंक'चं 'फिंक' होतं, 'ब्रदर'चं 'ब्रव्हा' होतं, पण 'दिस'चं 'व्हिस' होत नाही. 'मिल्क'मधला ल विरघळून 'मिउक' होतो पण 'लव्ह'मधला ल जागेवर राहतो. 'टुडे'चं 'टुडाय' होतं, 'हेड'चं 'एड'. हे सगळं तीन-चार वर्षांची पोरं न शिकवता बिनचूक करतात. माझ्यासारखीने नक्कल करायची म्हटली तर नेमकी चुकीच्या जागी चुकते, कारण नियम तिच्या कानात बसलेला नाही. 'आय नेव्हर डन नफिंक' यातला डबल नकार ऐकून शाळेतल्या बाई नाक मुरडतात, पण चॉसरनेही एकाच वाक्यात दोन-तीन नकार बिनदिक्कत घातलेत आणि त्याला कुणी अशुद्ध म्हणत नाही, त्याला इंग्रजी कवितेचा जनक म्हणतात.

राइमिंग स्लँगवर, म्हणजे यमकावर बेतलेल्या कॉकनी शब्दांवर, लेखात दोन ओळी आहेत आणि त्याही 'विनोदी शब्दखेळ' म्हणून. मला ती पहिल्यांदा भेटली तो प्रसंग सांगते. नोकरीचा दुसरा की तिसरा आठवडा असेल, एक गृहस्थ काउंटरवर आले आणि म्हणाले "मी प्लेट्स आर किलिन मी, लव्ह", माझ्या प्लेट्स जीव काढतायत. मला कळेना, दाताची प्लेट की हाड जोडायला घालतात ती प्लेट. मागे रांगेत एक आजी होत्या (मनात मी त्यांना आजीच म्हणते, समोर नावाने हाक मारते कारण इथे तीच पद्धत), त्या पुढे वाकून म्हणाल्या, "प्लेट्स ऑफ मीट, डार्लिन. फीट." मग समजलं, पाय दुखतायत. त्या आजींनी नंतर कितीतरी शब्द मला असे एकेक करून दिले.

यातली करामत अशी की आधी दोन शब्दांची जोडी घ्यायची, तिचा दुसरा शब्द खऱ्या शब्दाशी यमक जुळवतो, आणि मग बोलताना नेमका तो यमकाचाच शब्द गाळून टाकायचा. 'लोफ ऑफ ब्रेड' म्हणजे 'हेड', पण बोलताना नुसतं 'यूज युअर लोफ', डोकं वापर. 'बुचर्स हुक' म्हणजे 'लुक', बोलायचं 'हॅव अ बुचर्स'. 'चायना प्लेट' म्हणजे 'मेट', दोस्त, त्याला हाक मारायची 'मी ओल्ड चायना'. 'पोर्क पाय' म्हणजे 'लाय', पण खोटं बोलणाऱ्याला म्हणतात तो 'पोर्कीज' सांगतोय. यमकच उडवलं की बाहेरच्याला धागाच सापडत नाही. हातगाडीवाले, फेरीवाले, पोलिसांचा ससेमिरा लागलेली माणसं, अशांच्या तोंडी ती १९व्या शतकात वाढली, १८५९च्या एका स्लँग डिक्शनरीत तिची नोंद आहे. त्याच फेरीवाल्यांची आणखी एक उलटी भाषा होती, शब्द मागून वाचायचा, 'बॉय'चं स्पेलिंग उलटं केलं की 'यॉब', आणि हा शब्द आज सगळ्या इंग्लंडमध्ये मवाली पोरासाठी वापरतात, कुणाला आठवतही नाही की तो कुठून आला. पैशांचे शब्द तर रोजचे. 'पोनी' म्हणजे २५ पौंड, 'मंकी' म्हणजे ५०० पौंड. २००९मध्ये पूर्व लंडनच्या काही एटीएममध्ये कॉकनी भाषेचा पर्याय दिला होता, तिथे पिनला 'हकलबरी फिन' आणि कॅशला 'सॉसेज अँड मॅश'. टुरिस्टना फार आवडलं. मला मात्र त्यापेक्षा रांगेतल्या आजींचा तो एक 'फीट' जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तो त्यांनी मला अडलेली बघून दिला होता.

एक मात्र सांगते, सिनेमात दाखवतात तसं कुणी दर वाक्यात यमकं पेरत बसत नाही. आजींचे यजमान गेले त्या आठवड्यात त्या त्यांची उरलेली औषधं परत करायला आल्या होत्या. कॉकनीत 'डेड'ला 'ब्राउन ब्रेड' म्हणतात, सगळ्या स्लँगच्या यादीत हा शब्द असतोच. त्यांनी तो वापरला नाही. गोळ्यांची पाकिटं काउंटरवर एका ओळीत लावली, "ई वोन्ट बी नीडिन दीज" असलं काही लांबण न लावता इतकंच म्हणाल्या, "ईज गॉन, लव्ह." ह गाळलेला, ल तोंडात पूर्ण, आवाज अगदी खाली. त्या तीन शब्दांत बिघडलेलं काय होतं ते मला कुणी दाखवून द्यावं.

आणि या बोलीत आपलेही शब्द आहेत हे लेखकाच्या लक्षात आलेलं दिसत नाही. 'हॅव अ डेको' म्हणजे जरा बघ, तो आपला 'देखो'. इथे आलेल्या ज्यूंकडून 'नॉश' म्हणजे खाणं, 'श्टुम' म्हणजे गप्प. रोमा लोकांकडून 'कुश्टी' म्हणजे झकास. पण मला जो शब्द ऐकून काउंटरला धरून उभं राहावं लागलं तो वेगळाच. आजी त्यांच्या धाकट्या बहिणीबद्दल सांगत होत्या, ती विसरायला लागलीय, दुधाची बाटली ओव्हनमध्ये ठेवते, "शीज गॉन डुलॅली". माझं माहेर नाशिकचं. मी विचारलं, काय म्हणालात? डुलॅली, डुलॅली, सगळे म्हणतात. तो शब्द म्हणजे आपली देवळाली! ब्रिटिश सैन्याची छावणी तिथे होती, नोकरीची मुदत संपलेल्या सोल्जरांना घरी जायच्या जहाजाची वाट बघत तिथे ठेवायचे, जहाजं हिवाळ्याच्या हंगामातच सुटायची, तोवर महिनोनमहिने ऊन, मलेरिया, दारू आणि रिकामपण, त्यात कित्येकांचं डोकं फिरायचं. त्याला ते 'डुलॅली टॅप' म्हणायचे, आणि टॅप म्हणजे आपला ताप. मी हे आजींना सांगितलं तर त्या थोडा वेळ काही बोलल्याच नाहीत, मग म्हणाल्या, माझ्या आजोबांच्या तोंडात हा शब्द होता. पुढच्या आठवड्यात त्या नातवाला घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, याला सांग, तुझ्या गावची गोष्ट सांग. ज्या बोलीत देवळालीचा ताप दीड-एकशे वर्षं जपून ठेवलाय तिला आपण परकी आणि बिघडलेली म्हणायचं?

लाज कशी लावली गेली तेही लिहायला हवं. शॉच्या नाटकातली फुलं विकणारी एलायझा आपल्याला 'ती फुलराणी'मुळे घरातल्यासारखी माहीत आहे. शॉचं ते मूळ नाटक १९१४मध्ये लंडनच्या रंगभूमीवर आलं, आणि त्याच्या पाचच वर्षं आधी, १९०९मध्ये, लंडन काउंटी कौन्सिलच्या शाळांमधल्या इंग्रजी शिक्षणावर एक परिषद भरली होती, तिने चक्क लिहून ठेवलं की कॉकनी हे आधुनिक काळातलं भ्रष्ट रूप आहे, त्याला कसलाही आगापिछा नाही आणि साम्राज्याच्या राजधानीतल्या कुणाच्याही तोंडी ते शोभत नाही. ज्या मुलांच्या शाळा, त्यांच्याच आईच्या बोलण्याबद्दल हे! त्याच्याही आधी जॉन कीट्सला 'कॉकनी स्कूल'चा कवी म्हणून झोडपलं. कीट्स लंडनचा, वडील घोड्यांच्या तबेल्याचं काम बघायचे, आणि तो स्वतः औषधं देणाऱ्या अपोथेकरीचं शिक्षण घेतलेला. १८१८मध्ये एका मासिकाने त्याला छापून सुनावलं की कविता सोड आणि परत दुकानात जा, तुझ्या मलमपट्ट्या आणि गोळ्या आणि मलमाच्या डब्यांकडे. मी रोज त्याच मलमाच्या डब्यांमध्ये उभी असते त्यामुळे ते वाक्य मला फार लागतं. आणि तो 'थॉर्न्स'ला 'फॉन्स'चं यमक जुळवायचा, मधला र खायचा, म्हणून त्याची यमकं अडाणी ठरली. आज लंडन आणि आग्नेय इंग्लंडमध्ये तो र जवळपास कुणीच म्हणत नाही, बातम्या देणारेसुद्धा नाही, आणि ते शुद्ध समजलं जातं. म्हणजे कोण बोलतंय यावर ठरतं, काय बोलतंय यावर नाही.

हे जुनं झालं असं वाटत असेल तर आमच्या दुकानातलं सांगते. माझ्याबरोबर एक मुलगी कामाला होती, डॅगनमची, विशीतली, हुशार, कुठल्या गोळीबरोबर कुठली चालत नाही हे तिला तोंडपाठ. म्हातारी माणसं तिचाच काउंटर गाठायची कारण ती त्यांच्यासारखं बोलायची. तिने सिटीमधल्या एका मोठ्या ऑफिसात रिसेप्शनच्या जागेसाठी मुलाखत दिली. मुलाखत घेणाऱ्यांनी गोड शब्दांत सांगितलं की बाकी सगळं ठीक आहे पण तुझं बोलणं आमच्या क्लायंटना रुचणार नाही. दुसऱ्या दिवशी मी मागच्या स्टॉकरूममध्ये पॅरासिटामॉलचे बॉक्स आणायला गेले तर ती भिंतीकडे तोंड करून उभी राहून म्हणत होती, "हॅलो, हाउ कॅन आय हेल्प", तीनदा ह, प्रत्येक ह जोर लावून, परत परत. मला बघून थांबली. मी काय बोलणार, मी स्वतः या देशात ॲक्सेंट घेऊनच आलेली. पण माझ्या ॲक्सेंटला निदान दुसऱ्या देशाचा म्हणून सोडतात. तिला तर तिच्याच गावात, जिथे तिच्या पणजीपासून सगळे जन्मले तिथे, तोंड सुधारून ये म्हणाले. त्यामुळे आपल्या लेखातला 'बिघडलेली' हा शब्द मला त्या खोलीत घेऊन गेला.

आणि 'खालचा थर' म्हणताना या लोकांनी काय केलंय ते तरी बघायचं होतं. बो भाग लेखात आणलाच आहे तर तिथली खरी गोष्ट १८८८ची. तिथल्या ब्रायंट अँड मेच्या काडेपेटीच्या कारखान्यातल्या साधारण १,४०० बायका आणि मुली कामावरून बाहेर पडल्या आणि संप जिंकल्या. फॉस्फरसने जबडे सडायचे, वर बारीकसारीक कारणांनी दंड कापायचे, आणि या मुलींनी आपल्या याच बोलीत मालकाला नाही म्हटलं. पुढच्याच वर्षी गोदी कामगारांनी तासाला सहा पेन्ससाठी संप केला, 'डॉकर्स टॅनर' म्हणून तो आजही लक्षात आहे. आणि १९६८मध्ये डॅगनमच्या फोर्ड कारखान्यात गाडीच्या सीटची कव्हरं शिवणाऱ्या १८७ बायकांनी मशीन बंद केल्या, त्यातून १९७०चा समान वेतनाचा कायदा आला. आज इंग्लंडमधली कुठलीही बाई, मीसुद्धा, त्यांची देणेकरी आहे.

सगळं सोन्याचं होतं असंही मी म्हणणार नाही. याच गल्ल्यांत आपल्या लोकांवर थुंकलेत, मारहाण झालीय. १९७८मध्ये व्हाइटचॅपलला अल्ताब अली या कापड कामगाराचा कामावरून घरी जाताना खून झाला, त्याच्या नावाची बाग आज तिथे आहे. आणि त्याच भागात १९३६मध्ये केबल स्ट्रीटवर ज्यूंच्या बाजूने उभं राहून फॅसिस्टांची मिरवणूक अडवली त्यात हीच माणसं होती. दोन्ही खरं आहे. ब्रिक लेनवरची एक इमारत १७४३मध्ये फ्रान्सहून पळून आलेल्या ह्युगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट, लोकांचं प्रार्थनाघर म्हणून बांधली, १८९८पासून ते सिनेगॉग होतं आणि १९७६पासून मशीद आहे. प्रत्येक वेळी नवीन आलेल्यांची पोरं रस्त्यावर जे बोलायला शिकली ती कॉकनीच.

राहता राहिलं 'नामशेष'. हे बहुतेक २०१०च्या बातमीवरून घेतलंय. तेव्हा पॉल केर्सविल या भाषातज्ज्ञाने म्हटलं होतं की ३० वर्षांत लंडनच्या रस्त्यांवरून कॉकनी जाईल आणि तिची जागा मल्टिकल्चरल लंडन इंग्लिश घेईल. रस्त्यांवरून जाईल हे बरोबर वाटतं, मलाही शाळा सुटल्यावर दुकानात येणाऱ्या पोरांचं बोलणं वेगळं ऐकू येतं, त्यात जमैकन आहे, बंगाली आहे, आणि ह परत आलाय. पण ती पोरं एकमेकांना हाक काय मारतात? 'ब्रव्ह'. ते 'ब्रदर'चं 'ब्रव्हा' झालं त्यातलंच. कॉकनी एका नव्या अंगरख्यात तिथेच बसलीय, आणि घशातला ट तर आता सगळ्या देशात गेलाय.

शिवाय जी माणसं गेली ती मेली नाहीत, पूर्वेला सरकली. लेखात याचा उल्लेखही नाही आणि मला तर हीच मोठी गोष्ट वाटते. १९२१ ते १९३५मध्ये डॅगनमला बेकनट्री इस्टेट बांधली, साधारण २६,००० घरं, ईस्ट एंडच्या खुराड्यांतून माणसं तिथे नेली, प्रत्येकाला मागे-पुढे थोडी बाग. मग बॉम्बनी घरं पाडली, मग युद्धानंतर हार्लो, बॅसिल्डन ही नवी गावं वसवली. मग १९६०च्या दशकाच्या शेवटापासून एकेक गोदी बंद पडत गेली, काम गेलं, आणि आता घरांचे भाव असे की गोदी कामगाराच्या नातवाला आजोबांच्या गल्लीत एक खोली परवडत नाही. एसेक्समध्ये अमँडा कोल या संशोधकाने डेबडेनच्या अशाच वस्तीचा अभ्यास केलाय, कॉकनी पूर्वेला कशी गेली ते त्यात सापडतं.

आमच्या आजीही अशाच गेल्या, मुलाकडे, बॅसिल्डनला. मी मागच्या उन्हाळ्यात त्यांना भेटायला गेले होते. मागच्या अंगणात त्यांची पणती खेळत होती, चार वर्षांची, बो काय आणि चीपसाइड काय, तिने ते बघितलेलंही नसेल. ती पळत आत आली आणि म्हणाली, "नॅन, आय वॉन सम वॉ-अ." आजी उठल्या, ग्लास भरला, तिच्या हातात दिला, म्हणाल्या "देयर यू आर, ट्रीकल". ट्रीकल टार्ट म्हणजे स्वीटहार्ट, तोच जुना हिशोब, यमक गाळून.

तेव्हा संपादक महाशय, विनंती एवढीच. चर्च चीपसाइडला आहे हे छापा, 'बिघडलेली' आणि 'नामशेष' हे दोन शब्द मागे घ्या, आणि लेखक परत लंडनला येणार असतील तर त्यांना सांगा की ब्रिक लेनला न थांबता डिस्ट्रिक्ट लाइनने पुढे यावं, बार्किंग, डॅगनम ईस्ट. दुपारी शाळा सुटायच्या वेळेला डब्यात बसून नुसतं ऐकावं.

आपली,
एक वाचक
ईस्ट हॅम, लंडन